नंदुरबार मतदारसंघ समजून घ्यायचाय? मग निकालापासून सुरुवात करू नका

निवडणूक आली की महिनाभर आधी मला फोन सुरू होतात, कुणी पुण्यात एमपीएससीची तयारी करणारा असतो, कुणी नवीनच रिपोर्टर झालेला, कुणी सर्व्हे कंपनीत लागलेला, आणि सगळ्यांचा प्रश्न एकच की नंदुरबारचं जरा समजावून सांग ना, कोण येईल? मी म्हणतो कोण येईल ते राहू दे बाबा, आधी सपाटीवरचं शिरपूर आणि सातपुड्याच्या डोंगरातली मोलगी एकाच खासदाराला मत का देतात ते सांग. तिथे गाडी अडते. म्हणून हे एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय. पद्धत कुठल्याही ग्रामीण मतदारसंघाला लागू पडेल पण उदाहरण नंदुरबारचं, कारण महाराष्ट्राच्या लोकसभा यादीत हा एक नंबरचा मतदारसंघ आहे, राज्याचं वरचं टोक, आणि याच्याबद्दल मुंबईत बसून जेवढं चुकीचं बोललं जातं तेवढं क्वचितच कुठल्या मतदारसंघाबद्दल बोललं जात असेल.

सगळ्यात आधी नावांचा गुंता सोडवून घ्या, याला अर्धा तास द्या, पुढचे अनेक तास वाचतात. नंदुरबार म्हणजे शहर, नंदुरबार म्हणजे तालुका, नंदुरबार म्हणजे जिल्हा, नंदुरबार म्हणजे विधानसभा मतदारसंघ आणि नंदुरबार म्हणजे लोकसभा मतदारसंघ, ह्या पाच वेगळ्या गोष्टी आहेत आणि पाचांच्या हद्दी वेगळ्या आहेत. जिल्ह्यात सहा तालुके: नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी. यातला अक्राणी तालुका नकाशावर शोधताना लोक अक्राणी नावाचं तालुक्याचं गाव शोधत बसतात, पण तालुक्याचं ठिकाण धडगाव आहे, एसटीच्या पाटीवर धडगाव आणि सरकारी कागदावर अक्राणी. लोकसभेत मात्र विधानसभेचे सहा मतदारसंघ येतात: अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार, नवापूर हे चार नंदुरबार जिल्ह्यातले आणि साक्री, शिरपूर हे दोन धुळे जिल्ह्यातले. सहाही अनुसूचित जमातींसाठी राखीव. म्हणजे "नंदुरबार जिल्ह्याचा खासदार" असं कुणी लिहिलं की समजायचं साक्री आणि शिरपूरवाल्यांना त्याने हिशोबात धरलेलंच नाही.

आता कागद घ्या. मोबाईल नाही, कागद. गूगल मॅपवर सगळं हिरवं-करडं दिसतं आणि रस्ता पिवळा, त्यातून काही कळत नाही. कोऱ्या कागदावर मधोमध एक आडवी रेघ मारा, ती तापी. पूर्वेकडून येते, पश्चिमेला गुजरातेत जाते. तिच्या बऱ्यापैकी वर दुसरी आडवी रेघ, ती नर्मदा, जी महाराष्ट्राच्या वाट्याला जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटर येते आणि तीही काठाकाठाने, हद्द म्हणून. या दोन रेघांच्या मधे जो उंच भाग उरतो तो सातपुडा. त्यात तोरणमाळचं पठार, त्यात अस्तंभ्याचा सुळका जिथे धनत्रयोदशीच्या सुमारास अश्वत्थाम्याची यात्रा भरते. तापीच्या खाली दक्षिणेला नंदुरबार शहर, आणखी खाली नवापूर आणि साक्री, तिथे सह्याद्रीची उत्तरेकडची शेपूट सुरू होते. नंदुरबार-साक्रीकडे गाडीतून जाताना सपाट रानात मधेच काळ्या दगडाची लांबच लांब भिंत आडवी आलेली दिसते, एक नाही, कितीतरी. जुन्या ज्वालामुखीच्या भेगांमधे लाव्हा थिजून तयार झालेले ते डाइक आहेत, आजूबाजूचा खडक झिजला आणि ते उभे राहिले. रस्ते, नाले बऱ्याच ठिकाणी या भिंतींच्या खिंडी बघूनच गेलेत.

मग त्याच कागदावर सहा विधानसभा भरा. अक्कलकुवा मतदारसंघ म्हणजे अक्कलकुवा आणि अक्राणी हे दोन डोंगराळ तालुके, सगळा वरचा भाग. शहादा मतदारसंघात तळोदा तालुका आहे, म्हणून स्थानिक लोक शहादा-तळोदाच म्हणतात. पूर्वेला तापीच्या उत्तरेला शिरपूर. दक्षिणेला साक्री, थेट डांगच्या आणि नाशिकच्या बागलाणच्या हद्दीपर्यंत. आणि शिरपूर-साक्रीच्या मधे जो शिंदखेडा आहे तो या मतदारसंघात नाही, तो धुळे लोकसभेत. म्हणजे एकूण आकार घोड्याच्या नालासारखा, मधे पोकळी. शिरपूरहून साक्रीला सरळ जायचं तर मतदारसंघातून बाहेर पडून दुसऱ्याच्या मतदारसंघातून जावं लागतं. उमेदवाराच्या ताफ्यात काम केलेल्या कुणालाही विचारा, प्रचाराचे अर्धे हाल या आकारामुळे होतात.

कागदावर आता घाट टाका, हे फार महत्त्वाचं आणि बहुतेक जण विसरतात. तळोद्याहून धडगावला चढणारा चांदसैली घाट, अक्कलकुव्याहून मोलगीला जाणारा देवगोई घाट, शहाद्याकडून तोरणमाळला जाताना सातपायरी घाट, आणि खाली सुरत-धुळे हायवेवरचा कोंडाईबारी घाट. पावसाळ्यात चांदसैलीत दरड कोसळली की धडगावचा माणूस दुसरीकडून मोठा वळसा घालून खाली येतो, पेशंट असेल तर विचारूच नका. डोंगरातल्या मतदाराला रस्ता हा विषय भाषणातला विकास वगैरे नसतो, बाळंतीण बाई बांबूच्या झोळीतून खाली आणावी लागते की नाही एवढा तो थेट असतो. घाटाच्या वरचं मतदान आणि घाटाच्या खालचं मतदान वेगळं वाचायचं, हा माझा पहिला नियम आणि तो अजून तरी फसलेला नाही.

इतिहासाकडे येऊ. इथे लोक महाभारतापासून सुरू करतात, काही गरज नाही. मागे जाताना हद्दी ज्या वर्षी बदलल्या तेवढी वर्षं धरून मागे जायचं, म्हणजे 2008, 1998, 1960, मग 1906 आणि 1818. प्रत्येक वर्षाला एकच प्रश्न विचारायचा, या रेघेने कुणाला कुणापासून तोडलं आणि कुणाला कुणाला जोडलं.

2008 ची मतदारसंघ पुनर्रचना 2001 च्या जनगणनेवर झाली आणि 2009 च्या निवडणुकीपासून लागू झाली. त्याआधी विधानसभेला अक्राणी वेगळा होता, तळोदा वेगळा होता. ते गेले, अक्राणी आणि अक्कलकुवा तालुके एकत्र आले, तळोदा शहाद्याला जोडला गेला. याचा परिणाम समजायचा असेल तर हे बघा की शहादा तालुक्याची सपाटी म्हणजे केळी, ऊस, पपई, कापूस, सहकारी साखर कारखान्याचं राजकारण, गुजर पाटलांची मोठी गावं, आणि त्याला जोडलेला तळोदा म्हणजे सातपुड्याचा पायथा, जंगल आणि सरदार सरोवराच्या विस्थापितांच्या वसाहती. एकाच आमदाराने दोन्हीकडे बोलायचं. जागा राखीव आहे म्हणून उमेदवार आदिवासीच, पण सपाटीवरची मतं कुणाच्या शब्दावर हलतात हा वेगळा प्रश्न आहे आणि तो आरक्षणाच्या कॉलममधे दिसत नाही. शिरपूरचंही तेच, मतदारसंघ राखीव झाल्यावरसुद्धा तालुक्याचं राजकारण कुणाभोवती फिरतं हे शिरपूरच्या चहाच्या टपरीवर दोन मिनिटात कळतं.

1 जुलै 1998 ला धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्याआधी धडगावच्या माणसाला कलेक्टर ऑफिसचं काम म्हणजे धुळे, घाट उतरून, तापी ओलांडून, रात्रीचा मुक्काम टाकून. जिल्हा झाला म्हणून अंतर कमी झालं, पण साक्री आणि शिरपूर धुळ्यातच राहिले, म्हणून त्यांचं कलेक्टर ऑफिस धुळ्याला आणि खासदार नंदुरबारचा. जिल्हा नियोजनाच्या बैठकीत, रस्त्याच्या निधीत, पालकमंत्र्याच्या नावात हे दरवेळी मधे येतं. तुम्ही आकडेवारी गोळा करत असाल तर इथेच सांभाळा, 2011 च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची लोकसंख्या साधारण 16 लाख 48 हजार आणि त्यात आदिवासी जवळपास 69 टक्के, हा आकडा जिल्ह्याचा आहे, लोकसभा मतदारसंघाचा नाही. मतदारसंघाचा हवा तर साक्री आणि शिरपूर तालुक्यांचे आकडे धुळ्याच्या तक्त्यातून काढून यात मिळवायचे. कटाळा येतो पण पर्याय नाही.

1960 चं वर्ष मला सगळ्यात रोचक वाटतं. 1 मे ला महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे झाले तेव्हा जुन्या पश्चिम खानदेश जिल्ह्याच्या नंदुरबार, नवापूर, तळोदा, अक्कलकुवा भागातली दीडशेहून जास्त गावं गुजरातेत गेली. आजचे निझर, उच्छल हे तालुके नकाशावर बघा, महाराष्ट्राच्या पोटात घुसलेले दिसतील. रेघ कागदावर पडली, सोयरीक तशीच राहिली. मामा उच्छलला, भाचा नवापूरला. याहामोगी मातेचं देवमोगरा हे ठिकाण गुजरातेत सागबारा तालुक्यात, आणि महाशिवरात्रीच्या यात्रेला अक्कलकुव्याकडून लोक नेहमीच जातात, त्यांच्या दृष्टीने ते काही परराज्यात जाणं नसतं. ही गोष्ट प्रत्यक्ष बघायची असेल तर नवापूर रेल्वे स्टेशनवर उतरा. प्लॅटफॉर्मचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत, मधे हद्दीवर एक बाकडं ठेवलंय, अर्ध्या भागावर महाराष्ट्र आणि अर्ध्यावर गुजरात रंगवलेलं. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तर गुजरातेत. लोक येऊन फोटो काढतात आणि जातात, तुम्ही फोटो काढा पण नंतर तिथेच बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांचं बोलणं ऐका, कोण कामाला सुरतला चाललंय, कोण बारडोलीकडे ऊसतोडीला, मग कळेल की इथल्या मतदाराचं पोट सुरतेवर चालतं आणि मतदान मुंबईच्या सरकारसाठी होतं. ही सुरत-जळगाव लाईन 1900 च्या आसपासची, पण तिच्या आधीही हाच रस्ता होता, सुरत बंदर ते बऱ्हाणपूर, आणि नंदुरबार हे त्या व्यापारी रस्त्यावरचं गाव. म्हणून नंदुरबार शहरात गुजराती इतकी खोल आहे. 9 सप्टेंबर 1942 ला शिरीषकुमार मेहता आणि त्याच्यासोबतची मुलं शहरात गोळीबारात हुतात्मा झाली, तेव्हाची त्यांची घोषणा गुजरातीत होती, "नहीं नमशे, नहीं नमशे, निशान भूमि भारतनु". शहरातली मंडळी हे सांगतील, हुतात्मा स्मारकही दाखवतील.

पण रावलापाणी कुणी आपणहून सांगणार नाही, ते तुम्हाला विचारावं लागेल. तळोदा तालुक्यात संत गुलाम महाराजांनी आदिवासींमधे आप धर्माची चळवळ उभी केली होती, दारू सोडा, आरतीला या, एकमेकांना "आप" म्हणा. हजारो लोक आरतीला जमायला लागले. महाराज 1938 ला गेले, पुढे त्यांचे बंधू रामदास महाराजांनी काम चालवलं, आणि 2 मार्च 1943 ला रावलापाणीला जमलेल्या लोकांवर इंग्रजांच्या पोलिसांनी गोळीबार केला. तिथले दगड आणि त्यावरच्या गोळ्यांच्या खुणा लोक अजून दाखवतात. शहरातलं 1942 पाठ्यपुस्तकात गेलं, डोंगराच्या पायथ्याचं 1943 बाहेर फारसं कुणाला माहीत नाही. मतदारसंघाचा इतिहास लिहायला बसलात आणि यातलं एकच आलं तर तो अर्ध्याच मतदारांचा इतिहास झाला, माझं तरी हेच मत आहे.

अजून मागे जायचं तर 1906 ला इंग्रजांनी खानदेशचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, पूर्व म्हणजे आजचा जळगाव आणि पश्चिम म्हणजे धुळे-नंदुरबार. 1818 ला पेशवाई संपली आणि खानदेश कंपनीकडे आला, त्याच वर्षी तापीकाठच्या थाळनेरच्या किल्ल्यावर लढाई झाली. थाळनेर शिरपूर तालुक्यात येतं आणि खानदेशवर राज्य करणाऱ्या फारुकी सुलतानांच्या घराण्याची सुरुवातीची गादी तिथलीच, नंतर बऱ्हाणपूर, मग 1601 ला अकबराने अशीरगड घेतला आणि विषय संपला. ही सगळी सपाटीची कहाणी. डोंगरात मात्र स्थानिक सरदारांची मेवासी संस्थानं होती, काठी, सिंगपूर, नाला, चिखली अशी छोटी छोटी. खालसा झाली तरी नाव गेलं नाही, तळोद्याला वनखात्याचं ऑफिस आहे त्याच्या पाटीवर आजही मेवासी वनविभाग असंच लिहिलेलं असतं. आणि काठीची राजवाडी होळी, रात्रभर ढोल आणि नाच, आणि होळी पेटते पहाटे. कमरेला घुंगरू-भोपळे बांधून होळीचं सोंग घेतलेले बुध्या, बावा, लांबलचक बांबू, महाराष्ट्र, गुजरात, मध्य प्रदेश अशा तिन्ही राज्यांतून आलेली माणसं. निवडणूक जवळ असेल तर त्या गर्दीत सगळ्या पक्षांचे पुढारी दिसतात, कुणी चुकवत नाही. एरवी एवढा डोंगर एका जागी गोळा होतच नाही ना.

जुन्या काळासाठी 1880 चं खानदेश गॅझेटिअर ऑनलाईन मिळतं, वाचा जरूर, नद्या, बाजार, वाटा यांची माहिती त्यात भरपूर आहे. फक्त भिल्लांबद्दलची पानं वाचताना लक्षात ठेवा की लिहिणारा साहेब आहे आणि ज्यांना तो लुटारू म्हणतोय त्यांची जंगलं त्याच्याच सरकारने ताब्यात घेतलीयत.

स्वातंत्र्यानंतरच्या काळासाठी दोन धागे पकडा, बाकी आपोआप येतं. पहिला जमिनीचा. शहाद्याच्या सपाटीवर आदिवासींच्या जमिनी कर्जात, गहाणात, सालदारीत गेल्या होत्या, त्यावर 1970 नंतर अंबरसिंग सुरतवंती आणि श्रमिक संघटनेचं आंदोलन उभं राहिलं, जमीन परत द्या, मजुरी वाढवा. त्याच काळात, 1974 ला, आदिवासींच्या जमिनी परत करण्याचा कायदा राज्यात आला. शहादा तालुक्यातल्या जुन्या माणसांना हे विचारलंत तर कोण बोलतंय त्यावरून सगळी गोष्ट बदलते, दोन्ही बाजू ऐका. दुसरा धागा पाण्याचा. सरदार सरोवरात महाराष्ट्राची 33 गावं बाधित झाली, सगळी अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यातली. पहिलं गाव मणिबेली, तिथलं शूलपाणेश्वराचं जुनं देऊळ पाण्याखाली गेलं. काही कुटुंबं तळोद्याच्या पायथ्याला वसाहतींत आली, काही वरच राहिली, पाण्याच्या वर सरकून.

आणि हेच मणिबेली महाराष्ट्रातलं एक नंबरचं मतदान केंद्र. मतदारसंघांना आणि केंद्रांना नंबर देताना साधारणपणे वायव्येच्या कोपऱ्यातून सुरुवात करतात, म्हणून एक नंबरची लोकसभा नंदुरबार, एक नंबरची विधानसभा अक्कलकुवा, आणि एक नंबरचं केंद्र मणिबेली. दर निवडणुकीला टीव्हीवाले होडीतून जाणारं पोलिंग पथक दाखवतात, कर्मचारी लाईफ जॅकेट घालून मशीनची पेटी मांडीवर घेऊन बसलेले, छान दिसतं. ते पथक होडीने का जातं हे मात्र त्या बातमीत नसतं.

खासदारांची यादी आता बघा, आधी नाही. पहिल्या दोन निवडणुका पश्चिम खानदेश नावाने, 1962 पासून नंदुरबार. काँग्रेसचा इतका पक्का गड की सोनिया गांधींनी 1998 ला इथे सभा घेतली, आणि 29 सप्टेंबर 2010 ला देशातलं पहिलं आधार कार्ड द्यायला पंतप्रधान मनमोहन सिंग जिल्ह्यातल्या टेंभली गावात आले. माणिकराव गावित 1981 च्या पोटनिवडणुकीपासून 2009 पर्यंत सलग नऊ वेळा निवडून आले. मग 2014 ला भाजपच्या हीना गावित, 2019 ला परत त्याच, आणि 2024 ला काँग्रेसचे गोवाल पाडवी दीड लाखाहून जास्त मतांनी. ही यादी बघून "गड ढासळला, गड परत मिळाला" असं लिहायचा मोह होतो, सगळे तेच लिहितात. त्यापेक्षा हे बघा की गावित, पाडवी, नाईक, वळवी, वसावे ही आडनावं पक्ष बदलूनसुद्धा यादीत का राहतात आणि कुठलं घराणं कुठल्या पट्ट्यातून येतं. गोवाल पाडवींचे वडील के. सी. पाडवी आधी अक्राणीतून आणि 2009 पासून 2024 पर्यंत अक्कलकुव्यातून आमदार होते, म्हणजे डोंगर. हीना गावितांचे वडील डॉ. विजयकुमार गावितांचं बळ नंदुरबारात. नवापूरला काँग्रेसचे जुने नेते सुरूपसिंग नाईकांचं घर. आडनाव कुठल्या घाटाच्या कुठल्या बाजूचं आहे ते समजलं की अर्ध राजकारण समजलं.

"आदिवासी मतदार" असा एकच ठोकळा करू नका ही अजून एक विनंती. भिल्ल, पावरा, मावची, कोकणा, तडवी हे वेगळे समाज, बोली वेगळ्या. धडगाव-शिरपूरच्या डोंगरात पावरी, नवापूरकडे मावची, साक्रीच्या पश्चिम पट्ट्यात पिंपळनेरकडे कोकणा, अक्कलकुव्याकडे देहवाली. सपाटीवर अहिराणी आणि गुजरांची बोली, शहरात मराठी, गुजराती, हिंदी. मराठीतलं दमदार भाषण मोलगीच्या वर कितपत पोचतं ते सभेत मागच्या रांगेत उभं राहून बघा. शेजारचा कारभारी आपल्या बोलीत दोन वाक्यात सांगतो तेच मतदान.

आता फॉर्म 20. हे या सगळ्या कामाचं हत्यार आहे आणि फुकट आहे. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या वेबसाईटवर केंद्रनिहाय निकालाची पत्रकं असतात, एका ओळीत एक मतदान केंद्र, पुढे प्रत्येक उमेदवाराची मतं, नोटा, एकूण. लोकसभेचं पत्रकसुद्धा विधानसभानिहाय वेगवेगळं मिळतं. बहुतेकदा स्कॅन केलेली पीडीएफ असते, कधी वाकडी, कधी पुसट, त्यामुळे एक्सेलमधे हाताने भरायची तयारी ठेवा. सगळा मतदारसंघ भरू नका, वेडे व्हाल. आपल्या कागदावरचे पट्टे घ्या, डोंगर, पायथा, सपाटी, शहर, हद्दीकडची गावं, आणि प्रत्येकातली दहा-पंधरा केंद्रं. दोन निवडणुकांची तुलना करताना केंद्राचा नंबर जुळवू नका, नंबर बदलतात, नवीन केंद्रं मधे घुसतात. गावाचं नाव जुळवा. त्यातही नाव एकदा वडफळी, एकदा वाडफळी असं असतं, आणि एकाच नावाची गावं दोन तालुक्यांत निघतात, म्हणून सोबत मतदार यादीचं पहिलं पान ठेवा, त्यावर तालुका आणि त्या केंद्राखाली येणारे पाडे लिहिलेले असतात. डोंगरातलं गाव म्हणजे एका जागी वसलेली वस्ती नाही, सात-आठ पाडे, एक पाडा या टेकडीवर, दुसरा नाल्यापलीकडे. केंद्र एका पाड्याच्या शाळेत. बाकीचे चालत येतात. आणि तरी 2024 ला, मे महिन्याच्या उन्हात, या मतदारसंघात 70 टक्क्यांच्या वर मतदान झालं, मुंबईवाल्यांनी हा आकडा जरा शांतपणे वाचावा.

मतदानाची तारीख स्थलांतराच्या कॅलेंडरशी ताडून बघायची. दिवाळीनंतर माणसं गुजरातेत ऊसतोडीला, बांधकामाला, जिनिंगला जातात, होळीला परततात, काही परत जातात. गाडी करून मतदार आणले की नाही, कुणी आणले, हे गावात सगळ्यांना माहीत असतं पण पहिल्या भेटीत कुणी सांगत नाही.

एक गोष्ट हमखास चुकते म्हणून सांगतो. राखीव मतदारसंघ आणि अनुसूचित क्षेत्र ह्या दोन वेगळ्या गोष्टी. मतदारसंघ राखीव होतो लोकसंख्येच्या टक्केवारीवरून, राज्यात 48 पैकी 4 लोकसभा आणि 288 पैकी 25 विधानसभा अनुसूचित जमातींसाठी. अनुसूचित क्षेत्र घटनेच्या पाचव्या अनुसूचीखाली राष्ट्रपतींच्या आदेशाने ठरतं, आणि त्यात नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, अक्राणी हे तालुके पूर्ण आणि नंदुरबार, शहादा, साक्री, शिरपूर यांची काही गावंच येतात. पेसा म्हणजे अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींचा कायदा, ग्रामसभेचे जादा अधिकार, सरपंचपदाचं आरक्षण हे या दुसऱ्या यादीवर चालतं. त्यामुळे शेजारशेजारची दोन गावं, दोन्ही एकाच राखीव मतदारसंघात, पण एक पेसात आणि एक बाहेर, आणि त्यावरून भांडण. तहसील कचेरीतून किंवा तलाठ्याकडून पेसा गावांची यादी मागून घ्या.

प्रत्यक्ष फिरायला होळीच्या आधीचे दिवस सगळ्यात चांगले. माणसं घरी आलेली असतात, होळीच्या आधीचे भोंगऱ्या बाजार भरलेले असतात, घाट कोरडे असतात. नंदुरबारला तेव्हा मिरचीचा सीझन चालू असतो, शहराबाहेर पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत घातलेली, बायका रुमाल बांधून निवडतायत, दहा मिनिटं उभं राहिलात तर शिंका आणि डोळ्यांना पाणी. तिथे मजुरीचा रोज विचारा, कुठल्या गावाहून आल्या ते विचारा. मोलगीच्या बाजारात आमचूर आणि भगर कुणी विकली, व्यापाऱ्याने काय भाव दिला ते विचारा. मग पोलीस पाटील, ग्रामसेवक, आणि जमलं तर गावचा कारभारी आणि पुंजारा, म्हणजे गावचा पुजारी. खादीतल्या माणसाला सगळ्यात शेवटी भेटा, त्याच्याकडे वेळ भरपूर असतो.

जे गोळा कराल ते तारखेसकट जपून ठेवा, आणि जुनी फॉर्म 20 पत्रकं आणि मतदार याद्या आजच उतरवून घ्या, कारण साईट बदलली की जुन्या लिंका मरतात. पुढची जनगणना 2027 ची आहे, त्यानंतर मतदारसंघांची पुनर्रचना आली तर हा नाल कुठून तुटेल आणि साक्री-शिरपूर कुठे जातील याची चर्चा धुळ्यात आत्ताच सुरू झालीय, तेव्हा जुन्या हद्दीतल्या केंद्रांचे आकडे ज्याच्याकडे असतील त्यालाच लोक विचारायला येतील.